शेत, संतती आणि युद्धानंतरची अमानत

अत्यंत कृपाळू, परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो सर्व विश्वांचा पालनकर्ता आहे, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, जे स्वतः अनाथ म्हणून वाढले आणि ज्यांनी अनाथांचा हक्क जगाला शिकविला.

बंधू-भगिनींनो, पवित्र कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये (आयत २०५) एका विशिष्ट माणसाचे वर्णन आले आहे. त्याचे बोलणे गोड असते, तो अल्लाहला साक्षी ठेवून आपल्या सद्हेतूची ग्वाही देतो. पण हाती सत्ता येताच पृथ्वीवर उपद्रव माजवितो, पिकांचा व संततीचा विनाश करतो. अल्लाहला मात्र उपद्रव मुळीच पसंत नाही. या आयतीत दोन शब्द जोडीने आले आहेत. एक ‘हर्स’, म्हणजे शेती, उभे पीक. दुसरा ‘नस्ल’, म्हणजे वंश, संतती. भाष्यकारांनी त्यात गुराढोरांची पिल्लावळही धरली आहे. उपद्रवाचे मोजमाप करताना कुरआनने किल्ले, राजवाडे किंवा खजिने यांची नावे घेतली नाहीत. शेत आणि लेकरू या दोहोंची नावे घेतली.

ज्याने खेड्यातील जीवन पाहिले आहे त्याला ही जोडी लगेच उमगेल. शेतकऱ्याच्या घरी जमीन आणि मुले या वेगळ्या गोष्टी नसतात. बाप बांध घालतो तो मुलासाठी, झाड लावतो ते नातवासाठी. म्हणून अशा घरातील कर्ता पुरुष युद्धात मारला गेला की एक जीव जातोच. शिवाय जमीन उघडी पडते, कर्ज डोक्यावर राहते, मुलींचे विवाह अडतात, आणि धाकट्या मुलाला शेतीतील खाणाखुणा सांगणारा कोणी उरत नाही. शस्त्रे खाली ठेवली जातात तेव्हा जगाच्या दृष्टीने युद्ध संपते. त्या घराच्या दृष्टीने मात्र ते तेव्हा सुरू होते, आणि नातवंडांपर्यंत चालते.

या दुःखावर इस्लामने काय उपाय सांगितला आहे, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. दया आणि दानधर्म यांची शिकवण तर आहेच. पण त्याआधी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हक्क. मृताच्या मागे राहिलेल्यांचा हक्क ही जिवंतांच्या हाती सोपविलेली अमानत आहे, आणि ती पोहोचती करणे हे उपकार नसून ऋण फेडणे आहे.

उहुदनंतरचे मदीना

हिजरी सन ३ च्या शव्वाल महिन्यात, म्हणजे इसवी सन ६२५ मध्ये, उहुद पर्वताच्या पायथ्याशी युद्ध झाले. मुस्लिमांच्या बाजूने लढणारे सुमारे ७०० होते आणि त्यांपैकी सुमारे ७० जण शहीद झाले. त्यांतील बहुसंख्य अन्सार होते. अन्सार हे मदीनेचे मूळ रहिवासी, खजुरीच्या बागा व शेते कसणारे लोक. मदीना म्हणजे त्या काळी विखुरलेल्या वस्त्यांचा आणि बागांचा समूहच होता. एवढ्याशा समाजातून एका दिवसात ७० पुरुष गेले, तर किती उंबऱ्यांवर दुःख पोहोचले असेल याची कल्पना करावी.

त्या शहिदांपैकी एक होते हजरत साद बिन रबीअ (रजि.). हिजरतनंतर प्रेषितांनी (स.) मुहाजिर व अन्सार यांच्यात बंधुभाव जोडून दिला, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ करणारे ते हेच साद. उहुदमध्ये ते शहीद झाले आणि त्यांच्या भावाने सर्व संपत्ती ताब्यात घेतली. तत्कालीन अरबांच्या रिवाजाप्रमाणे यात वावगे काही नव्हते. शस्त्र धरून टोळीचे रक्षण करील तो वारस, अशी ती समजूत होती. स्त्रिया व लहान मुले त्यात बसत नसत. म्हणजे ज्या युद्धाने बाप हिरावला त्याच युद्धाचे कारण पुढे करून मुलींची जमीनही हिरावली जात असे.

साद (रजि.) यांच्या पत्नी आपल्या दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आल्या. या मुलींचे वडील आपल्याबरोबर लढताना उहुदमध्ये शहीद झाले, त्यांच्या चुलत्याने सारी मालमत्ता घेतली, आणि मालमत्तेवाचून यांचे विवाह होणार नाहीत, असे गाऱ्हाणे त्यांनी मांडले. प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाह याचा निर्णय करील. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) मुलींच्या चुलत्याला बोलावून आज्ञा दिली की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे आणि उरेल ते तुझे. हजरत जाबिर (रजि.) यांचे हे कथन तिर्मिजी, अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहांत आले आहे.

हा हिशेब शेताच्या भाषेत मांडून पाहू. साद (रजि.) यांच्या बागेत समजा खजुरीची २४ झाडे असती, तर १६ झाडे दोन मुलींची, ३ झाडे आईची आणि ५ झाडे चुलत्याची झाली असती. काल ज्याच्याकडे चोवीसच्या चोवीस होती, त्याच्याकडे आज पाच उरली. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. प्रेषितांनी (स.) चुलत्याला मुलींवर दया करण्यास सांगितले नाही, वर्षाला काही खजूर पाठवीत जा असेही सांगितले नाही. वाटा ठरवून दिला आणि तो द्यावयास लावला. सूरह अन्-निसाच्या ७ व्या आयतीत हे तत्त्व कायमचे नोंदले गेले की आईवडील व नातलगांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांचा वाटा आहे तसाच स्त्रियांचाही आहे, मग ती संपत्ती थोडी असो वा पुष्कळ.

बापाचे कर्ज, मुलाचे खांदे

उहुदच्या शहिदांमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांचे वडील हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हेही होते. त्यांच्या मागे कर्ज होते आणि मुली होत्या. काही कथनांत त्यांची संख्या सहा, तर काहींत नऊ सांगितली आहे. जाबिर तेव्हा तरुण होते. काही काळाने त्यांनी विवाह केला तो पूर्वी विवाह झालेल्या एका स्त्रीशी. कुमारिकेशी का केला नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले. त्यांनी सांगितले की घरात बहिणी आहेत, त्यांच्याच वयाची आणखी एक मुलगी आणण्यापेक्षा त्यांना सांभाळील, त्यांची वेणीफणी करील अशी समजूतदार स्त्री मला हवी होती. प्रेषितांनी (स.) या निवडीची प्रशंसा केली. युद्ध एखाद्या तरुणाचे आयुष्य कसे वळविते, हे या छोट्या संवादातून कळते. विवाहासारखी स्वतःची गोष्टही त्याने बापाच्या मागे राहिलेल्या जबाबदारीकडे पाहून ठरविली.

कर्जाचा प्रसंगही प्रसिद्ध आहे. बागेच्या एका हंगामाच्या पिकात कर्ज फिटणारे नव्हते आणि सावकार सवलत देण्यास तयार नव्हते. प्रेषितांनी (स.) जाबिर यांना प्रत्येक जातीच्या खजुरीचा वेगळा ढीग करण्यास सांगितले. मग ते स्वतः खळ्यावर आले, सर्वांत मोठ्या ढिगाभोवती फिरले, तेथे बसले आणि सावकारांना मापून देण्यास सुरुवात केली. अल्लाहने बरकत दिली, सारे कर्ज फिटले आणि खजूर शिल्लक राहिली. बहिणींकडे एक खजूरही न नेता परतावे लागले असते तरी मी समाधानी होतो, फक्त बापाचे कर्ज फिटावे, अशी जाबिर यांची भावना होती (बुखारी).

यात चमत्कार आहे, तसाच एक धडाही आहे. चमत्कार अल्लाहच्या हाती आहे, पण प्रेषितांनी (स.) जे केले ते आपल्यालाही करता येण्यासारखे आहे. ते शहिदाच्या घरी केवळ सांत्वनाला गेले नाहीत. ते खळ्यावर बसले, मापे मोजली आणि सावकारांशी व्यवहार पूर्ण केला. शहिदाचे सर्व अपराध माफ होतात, कर्ज मात्र नाही, अशी हदीस आहे (मुस्लिम). अल्लाहच्या मार्गात प्राण देणाऱ्याचीही जेथे दुसऱ्याच्या हक्कातून सुटका नाही, तेथे त्याच्या अनाथांचा हक्क खाणाऱ्याची काय गत होईल?

अनाथांचे धन

सूरह अन्-निसाच्या आरंभी अनाथांविषयीच्या आज्ञा ज्या कडकपणे येतात, त्यांची पार्श्वभूमी उहुदनंतरची ही परिस्थिती होती, असे अनेक भाष्यकारांनी नमूद केले आहे. त्या आज्ञा अगदी व्यावहारिक आहेत. अनाथांचे धन त्यांना परत करा, चांगल्याच्या जागी वाईट ठेवू नका, त्यांचे आपल्यात मिसळून गिळंकृत करू नका (४:२). ते वयात येईपर्यंत त्यांची समज पाहत राहा. समज आली की धन त्यांच्या हवाली करा. ती मोठी होतील या धास्तीने घाईघाईने खाऊन टाकू नका. पालक सुस्थितीत असेल तर त्याने काहीच घेऊ नये, गरजू असेल तर रास्त तेवढेच घ्यावे. आणि हवाली करताना साक्षीदार ठेवा (४:६).

नंतर ९ व्या आयतीत अल्लाह पालकाला स्वतःच्या मरणाची आठवण करून देतो. आपल्या मागे दुबळी लेकरे राहिली असती तर ज्यांना त्यांची चिंता वाटली असती, त्यांनी इतरांच्या लेकरांबाबत अल्लाहचे भय बाळगावे. आणि लगेच पुढच्या आयतीत इशारा आहे की जे अनाथांचे धन अन्यायाने खातात ते आपल्या पोटात आग भरतात.

बोस्नियाची खेडी

ही चौदाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आता असे कोठे घडते, असे कोणी म्हणू नये. आपल्या हयातीत युरोपातील बोस्नियामध्ये १९९२ ते १९९५ या काळात युद्ध झाले. त्या देशाच्या पूर्वेस द्रीना नदीच्या खोऱ्यात डोंगरउतारांवर वसलेली मुस्लिम शेतकऱ्यांची खेडी होती. त्यांच्यावर हल्ले होऊ लागले तेव्हा हजारो लोक स्रेब्रेनित्सा या गावी आश्रयाला आले. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९३ मध्ये त्या गावाला सुरक्षित क्षेत्र म्हणून घोषित केले होते. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने ते घेतले. स्त्रियांना व लहान मुलांना वेगळे करून बाहेर पाठविण्यात आले आणि ८ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे ठार मारण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी या कृत्याला वंशसंहार ठरविले आहे. कुरआनने वापरलेला ‘नस्ल’ हा शब्द येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

गुन्हा लपविण्यासाठी यंत्रांनी सामुदायिक कबरी उकरून मृतदेह दुसरीकडे नेऊन पुरण्यात आले. परिणामी एकाच माणसाची हाडे अनेक ठिकाणी सापडू लागली. मग रक्ताच्या नातलगांनी आपापले रक्त दिले. मुलांच्या व आईवडिलांच्या रक्ताशी हाडांतील डीएनए जुळवून ओळख पटविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. सुमारे ७ हजार जणांची ओळख पटली. सुमारे १ हजार अजून बेपत्ता आहेत. दरवर्षी ११ जुलैला पोतोचारी येथे नव्याने ओळख पटलेल्यांचा सामूहिक जनाजा होतो. हिरव्या कापडात झाकलेली शवपेटी कित्येकदा इतकी हलकी असते, कारण आत मोजकीच हाडे असतात. बाप गेला तेव्हा जे मूल कडेवर होते, ते आज बापाच्या वयाहून मोठे होऊन त्या पेटीला खांदा देते.

तेथील शेतांनाही युद्ध विसरलेले नाही. बोस्नियाच्या रानांत व पडीक जमिनींत पेरलेले सुरुंग तीन दशकांनंतरही पूर्णपणे निघालेले नाहीत. ज्या जमिनीत बी पेरायचे तिच्यात मरण पेरले गेले. आणि सरपणाला किंवा नांगरणीला जाणाऱ्या नव्या पिढीला, जिने ते युद्ध पाहिलेही नाही, तिला इशाऱ्याची पाटी पाहून पाऊल टाकावे लागते.

येथे एका प्रश्नाचा विचार आवश्यक आहे. पती मेला असे सिद्ध नाही आणि परतही येत नाही, तेव्हा पत्नीने काय करावे? फिकहमध्ये अशा व्यक्तीला ‘मफकूद’ म्हणतात. मृत्यू सिद्ध होईपर्यंत किंवा काजीचा निर्णय होईपर्यंत त्याची मालमत्ता वाटता येत नाही. पत्नीबाबत हजरत उमर (रजि.) यांचा निर्णय असा होता की तिने चार वर्षे वाट पाहावी, नंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी आणि मग ती मोकळी. इमाम मालिक (रह.) यांनी हेच मत स्वीकारले. जुने हनफी मत याहून फार दीर्घ प्रतीक्षेचे होते. आपल्या देशात मौलाना अशरफ अली थानवी (रह.) प्रभृती उलमांनी स्त्रियांचे हाल पाहून या बाबतीत मालिकी मताचा आधार घेतला, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही चार वर्षांची मुदत आली. ज्याला धर्म निर्दय वाटतो त्याने या निर्णयाकडे पाहावे. अल्लाहच्या शरीयतने विधवेचे अश्रू मोजले, तसे जिला विधवाही म्हणता येत नाही अशा स्त्रीचे दिवसही मोजले.

एका विधवेची जमीन

याच खोऱ्यातील कोन्येविच पोल्ये या गावी फाता ओर्लोविच या वृद्ध मुस्लिम स्त्रीचे घर व जमीन आहे. स्रेब्रेनित्साच्या संहारात त्यांचे पती आणि वीसहून अधिक नातलग मारले गेले. त्या विस्थापित असताना, १९९८ मध्ये, त्यांच्या अंगणात त्यांच्या परवानगीवाचून एक चर्च बांधण्यात आले. परतल्यावर त्यांनी आपली जमीन मागितली. सुमारे दोन दशके त्या न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. अखेर २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जून २०२१ मध्ये ती वास्तू तेथून हटविण्यात आली.

या घटनेकडे एका धर्माने दुसऱ्यावर मिळविलेला विजय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. प्रार्थनास्थळाशी वैर असण्याचे मुस्लिमाला काही कारण नाही. प्रश्न बळकावलेल्या जमिनीचा आहे, आणि त्या बाबतीत इस्लामचा नियम स्वतःसाठीही तोच आहे. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा मशिदीसाठी जी जागा निश्चित झाली ती सहल व सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुलांनी ती विनामूल्य देऊ केली. प्रेषितांनी (स.) दान म्हणून ती घेण्यास नकार दिला आणि मूल्य देऊनच घेतली (बुखारी). मस्जिदे नबवीचा पायाच अनाथांचा हक्क अदा करून घातला गेला. जो कोणी वीतभर जमीन अन्यायाने घेईल त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड घातले जाईल, असा इशारा हदीसमध्ये आहे (बुखारी, मुस्लिम).

त्याच द्रीनाच्या खोऱ्यात सर्ब खेड्यांमध्येही त्या युद्धाने विधवा व अनाथ मागे ठेवले. त्यांचे अश्रू वेगळे मानण्याची मुभा मुस्लिमाला नाही. कोणत्याही लोकसमूहाच्या शत्रुत्वाने तुम्हाला अन्यायाकडे ओढू नये, न्याय करा, तेच ईशभयाच्या अधिक जवळ आहे, ही सूरह अल्-माइदाची (आयत ८) आज्ञा आहे. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी शामकडे सैन्य पाठविताना सेनापतीला ताकीद दिली होती की स्त्री, मूल व वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, वस्ती उद्‌ध्वस्त करू नये, खाण्याच्या गरजेखेरीज शेळी किंवा उंट मारू नये (मुवत्ता). ती झाडे आणि त्या शेळ्या शत्रूच्या मुलखातील शेतकऱ्यांच्या होत्या. शत्रूचेही ‘हर्स’ व ‘नस्ल’ सुरक्षित राहिले पाहिजे, असा तो आदेश होता.

आपले कर्तव्य

अल्लाहची कृपा की आपल्या गावांतून आज युद्ध चाललेले नाही. पण साद (रजि.) यांच्या भावाने केले ते करण्यासाठी युद्धाची गरज लागत नाही. भाऊ अकाली वारला की त्याच्या विधवेला घरात दोन वेळचे जेवण मिळते, पण सातबाऱ्यावर तिचे नाव चढत नाही. बहिणींच्या हाती साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि त्याला राजीखुशी म्हटले जाते. समुद्रावर किंवा परमुलखात गेलेला घरधनी परतला नाही, तर त्याच्या पत्नीला वर्षानुवर्षे अधांतरी ठेवले जाते. ईदला अनाथ पुतण्याला नवे कपडे घेणारे हात त्याच्या वाट्याच्या शेताचा हिशेब मात्र देत नाहीत. कपडे देणे पुण्याचे खरे, पण ज्याचे शेत खाल्ले त्याला सदरा दिल्याने शेत फिटत नाही.

म्हणून प्रत्येक घराने आपल्या हयातीतच आपले देणेघेणे लिहून ठेवावे. कोणी वारला तर कर्ज व वसीयत यांची व्यवस्था करून वाटण्या विलंब न करता शरीयतप्रमाणे व्हाव्यात. अनाथाच्या मालमत्तेचा हिशेब वेगळा ठेवावा आणि तो साक्षीदारांसमोर द्यावा. गावच्या जमातीने व मशिदीच्या विश्वस्तांनी याकडे घरगुती भांडण म्हणून डोळेझाक करू नये, प्रेषित (स.) खळ्यावर येऊन बसले होते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. विधवा व गरजू यांच्यासाठी धावपळ करणारा अल्लाहच्या मार्गात जिहाद करणाऱ्यासारखा आहे (बुखारी, मुस्लिम). आणि अनाथाचा सांभाळ करणारा व मी जन्नतमध्ये असे असू, असे सांगून प्रेषितांनी (स.) आपली दोन बोटे दाखविली होती (बुखारी).

सूरह अल्-कहफमध्ये एका गावातील दोन अनाथ मुलांची हकीकत आहे. त्यांच्या भिंतीखाली त्यांच्या वाट्याचे धन होते आणि भिंत कोसळण्याच्या बेतात होती. त्या गावाने पाहुणचार नाकारला होता, तरी अल्लाहच्या एका दासाने मजुरी न घेता ती भिंत उभी केली, कारण त्या मुलांचा बाप सदाचारी होता आणि ती मोठी होऊन आपले धन स्वतः काढोत अशी अल्लाहची इच्छा होती (१८:८२). आपल्या आसपास अशा कोसळू पाहणाऱ्या भिंती पुष्कळ आहेत. त्या उभ्या करणे आपल्या हाती आहे.

हे अल्लाह! युद्धाने ज्यांची घरे उजाडली, मग ते कोणत्याही देशाचे असोत, त्यांना धीर दे आणि त्यांच्या लेकरांना त्यांची जमीन व त्यांचा हक्क मिळवून दे. बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांना समाधान दे. आमच्या पोटात अनाथांचा एक घासही जाऊ देऊ नकोस, आणि आमच्याकडे ज्यांची अमानत आहे ती मरणापूर्वी त्यांच्या स्वाधीन करण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. आमीन.